मद्य आणि सारथ्य

रथ कितीही मजबूत असो, घोडे कितीही उमदे असोत, सारथीच शुद्धीवर नसेल तर तो रथ वाहन राहत नाही. तो एक चालते संकट होतो. आपल्या पूर्वजांना हे मर्म पक्के ठाऊक होते. कठोपनिषदात शरीराला रथाची, इंद्रियांना घोड्यांची, मनाला लगामाची आणि बुद्धीला सारथ्याची उपमा दिलेली आहे. महाभारतात प्रत्यक्ष श्रीकृष्णाने अर्जुनाचे सारथ्य पत्करले, यावरूनही त्या कामाची थोरवी ध्यानात येते. आज रथ गेले, घोडे गेले. त्यांच्या जागी मोटारी, ट्रक आणि दुचाक्या आल्या. वाहनाचे बळ शतपटीने वाढले. परंतु सारथी मात्र तोच हाडामांसाचा माणूस राहिला. त्या माणसाच्या बुद्धीवर मद्याचा अंमल बसला म्हणजे काय घडते, कायदा त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, आणि या बाबतीत आपणा विद्यार्थ्यांचे काही कर्तव्य आहे काय, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

मद्यपान मुळातच वर्ज्य असावे की नसावे, हा प्रश्न मोठा आहे. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. तथापि आमचा विषय त्याहून मर्यादित आहे. घरात बसून पिणारा मनुष्य मुख्यतः आपला व आपल्या कुटुंबाचा घात करतो. पिऊन वाहन हाकणारा मात्र ज्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही अशांचे प्राण पणाला लावतो. हा भेद लक्षात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

हा विषय आम्हा बऱ्हाणपूरकरांना परका नाही. इंदुराहून निघणारा रस्ता खंडव्यावरून, असीरगडाच्या पायथ्याजवळून आमच्याकडे येतो, तापी ओलांडतो आणि इच्छापुराच्या पुढे महाराष्ट्रात शिरतो. केळीने भरलेले ट्रक या रस्त्याने रात्रंदिवस धावत असतात. लग्नसराई सुरू झाली की याच रस्त्यावर वऱ्हाडाच्या जीपगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि एकेका दुचाकीवर तिघे-तिघे स्वार होऊन परतणारी मंडळी यांची भर पडते. इतवारा, शनवारा या जुन्या वस्त्यांतील गल्ल्या माणसांसाठी, बैलगाड्यांसाठी आणि पालख्यांसाठी आखल्या गेल्या. भरधाव यंत्रांसाठी नव्हेत. अशा ठिकाणी चालकाची क्षणभराची चूकही पुरेशी ठरते. देशाचा विचार केला, तर केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दररोज सुमारे ४६० जीव गेले. हे सर्वच अपघात मद्यामुळे झाले असे नव्हे. अतिवेग हे त्यांतील सर्वांत मोठे कारण होय. परंतु मद्य प्राशन केलेल्या माणसाला वेगाची भीती उरत नाही, हेही विसरून चालणार नाही.

आता मद्याचा शरीरावर परिणाम कसा होतो ते पाहू. मद्यातील मादक द्रव्य म्हणजे अल्कोहोल. ते अन्नाप्रमाणे पचावे लागत नाही. जठर व लहान आतडे यांच्या आवरणातून ते सरळ रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर मेंदूपर्यंत पोचते. तेथे त्याचा पहिला आघात होतो तो विवेकावर, संयमावर आणि धोक्याचा अंदाज घेण्याच्या शक्तीवर. मागाहून दृष्टी, शरीराचा तोल आणि हातापायांच्या हालचाली बिघडतात. म्हणजे पाय लटपटण्याच्या कितीतरी आधी विचार लटपटलेला असतो. या विषयाचे सारे मर्म येथेच आहे. ‘मी ठीक आहे, मला काही झालेले नाही,’ असे पिणारा मनुष्य छातीठोकपणे सांगतो आणि त्यात तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते. कारण आपण ठीक आहोत की नाही याचा निवाडा ज्या न्यायाधीशाने द्यावयाचा, तोच सर्वांच्या आधी मद्याला वश झालेला असतो.

थोडे गणितही करून पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. समोर मूल आडवे आले हे डोळ्यांनी पाहणे, मेंदूने ओळखणे आणि पायाने ब्रेक दाबणे या क्रियेला शुद्धीवरील चालकालाही काही वेळ लागतोच. मद्यामुळे त्यात केवळ अर्ध्या सेकंदाची भर पडली, तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. आमच्या गावातील कित्येक गल्ल्यांची रुंदी याहून कमी आहे!

नशा उतरविण्याच्या युक्तींविषयी समाजात पुष्कळ गैरसमज रूढ आहेत. कोणी लिंबू चोखावयास सांगतो, कोणी कडक कॉफी पाजतो, तर कोणी डोक्यावर थंड पाणी ओततो. या उपायांनी माणूस जागा दिसेल. शुद्धीवर येणार नाही. रक्तातील अल्कोहोल नाहीसे करण्याचे काम प्रामुख्याने यकृताचे आहे आणि यकृत ते आपल्या ठरावीक गतीनेच करते. साधारणपणे एका तासात दर १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम, अशी ती गती धरतात. समजा, मध्यरात्री एखाद्याच्या रक्तात हे प्रमाण १०० मिलिग्रॅम आहे. ते ३० वर येण्यास पहाटेचे पाच वाजत येतील आणि पूर्ण नाहीसे होण्यास सकाळचे साडेसहा उलटून जातील. रात्री पिऊन चार तास झोप काढलेला आणि पहाटे ट्रकवर बसलेला चालक स्वतःला ताजातवाना समजत असला, तरी त्याचे रक्त वेगळीच साक्ष देते. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्या नावात दडलेला इशारा वाहनचालकाच्या बाबतीत तर शब्दशः खरा आहे. कारण त्याच्यापुरता निरुपद्रवी असा प्याला नाहीच.

स्वतःचा निवाडा करण्यास असमर्थ झालेल्या माणसाला कोणी आवरावयाचे? याचे एक उदाहरण आमच्या गावच्याच इतिहासात आहे. १६०१ साली असीरगड मोगलांच्या हाती आला आणि अकबराचा धाकटा पुत्र दानियाल याच्याकडे दक्षिणेचा कारभार सोपविण्यात आला. त्याच्या नावावरून खानदेशाला काही काळ ‘दानदेश’ म्हणत असत. हा राजपुत्र मद्याच्या पूर्ण आहारी गेला. ते ऐकून बादशहाने अब्दुर्रहीम खानखाना याला निकराचे हुकूम पाठविले, आणि राजपुत्रापर्यंत मद्य पोचू नये म्हणून पहारे बसविण्यात आले. तेव्हा दानियालाने आपल्या सेवकांची विनवणी केली, त्यांना आमिष दाखविले. अखेर त्यांच्यापैकी एकाने राजपुत्राच्या आवडत्या बंदुकीच्या नळीत मद्य भरून ते गुपचूप आत नेले. नळीतील गंज आणि दारूगोळ्याचा मळ त्या जहाल मद्यात मिसळला, ते पिऊन राजपुत्राने अंथरूण धरले आणि १६०५ साली बऱ्हाणपुरात त्याचा अंत झाला. त्या वेळी त्याचे वय अवघे ३२ वर्षांचे होते. त्याचा भाऊ जहांगीर याने आपल्या आत्मवृत्तात ही हकीकत नमूद केली आहे. त्या बंदुकीला दानियालाने मोठ्या हौसेने जे नाव दिले होते, त्याचा आशय ‘हिचा मारा म्हणजे तिरडीच’ असा होता. ते नाव धन्यावरच उलटले.

या कथेत वाहन नाही, हे खरे. परंतु तिच्यातील बोध आमच्या विषयाला तंतोतंत लागू पडतो. दानियालाचा विवेक केव्हाच गेला होता. त्याच्याभोवतीच्या माणसांचा मात्र शाबूत होता. ज्याने ती नळी आत नेली तो शुद्धीवर होता. आज जो मित्र झिंगलेल्या मित्राच्या हाती गाडीची किल्ली देतो, त्याचे कृत्य त्या सेवकाच्या कृत्याहून निराळे कसे म्हणावे?

आता कायद्याकडे वळू. पिऊन मोटार हाकल्याबद्दल शिक्षा होण्याची पहिली प्रसिद्ध घटना लंडनमध्ये १८९७ साली घडली. तेथील एका भाड्याच्या विजेच्या मोटारीच्या चालकाने नशेत गाडी एका इमारतीवर नेऊन आदळली व त्याला दंड झाला. परंतु मनुष्य प्यालेला आहे हे सिद्ध कसे करावे, ही अडचण पुढेही कायम होती. तोंडाला वास येतो, पाय डगमगतात, एवढ्यावर न्यायालयाचे समाधान होत नसे. पुढे रक्त तपासण्याची शास्त्रीय पद्धत निघाली. आणि १९५४ साली अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी श्वासावरून रक्तातील अल्कोहोल मोजणारे सुटसुटीत यंत्र तयार केले. फुप्फुसांत रक्त आणि हवा यांची गाठ पडते तेव्हा रक्तातील अल्कोहोलाचा काही अंश वाफ होऊन श्वासात मिसळतो. त्या अंशाचे रक्तातील अल्कोहोलाशी जवळजवळ ठरावीक प्रमाण असते. यास्तव श्वास मोजला की रक्ताचा अंदाज येतो.

आपल्या देशात १९३९ चा मोटार वाहन कायदा जाऊन त्या जागी १९८८ चा कायदा आला. त्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालविणे, किंबहुना तसा प्रयत्न करणे, हादेखील गुन्हा आहे. इंग्लंडने १९६७ च्या कायद्याने हीच मर्यादा ८० ठरविली होती. त्या मानाने आपला कायदा अधिक कडक आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत जाते व दंड पंधरा हजारांचा होतो. येथे अपघात व्हावाच लागतो असे नाही. कोणाला खरचटलेही नसले तरी गुन्हा पूर्ण होतो. संशयास आधार असल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी श्वासाची तपासणी मागू शकतो, आणि विनाकारण नकार देणे हे न्यायालयात आरोपीच्या विरुद्धच जमेस धरता येते. याशिवाय चालकाचा परवाना निलंबित होऊ शकतो, आणि मोडलेल्या गाडीची भरपाई विमा कंपनी सामान्यतः नाकारते.

मनुष्यहानी झाली तर प्रकरण याहून गंभीर होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षांची होती. आपल्या कृत्याने कोणाचा जीव जाण्याचा संभव आहे हे चालकाला ठाऊक होते असे न्यायालयाचे मत झाले, तर तो सदोष मनुष्यवध ठरतो आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. ‘मला भानच नव्हते,’ ही सबब स्वेच्छेने नशा करणाऱ्याला उपयोगी पडत नाही. शुद्धीवर असता तर त्याला जे कळले असते, ते त्याला कळतच होते असे कायदा धरून चालतो.

हे तत्त्व मुंबईच्या एका खटल्यात स्पष्ट झाले. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका तरुणाची भरधाव मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेली. सात जण ठार झाले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट, अल्कोहोल आढळले. खालच्या न्यायालयाने हा केवळ निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयाने मात्र तो सदोष मनुष्यवध ठरवून शिक्षा तीन वर्षांवर नेली, आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दिवसभर घाम गाळून रस्त्याच्या कडेला अंग टाकलेल्या त्या मजुरांचा अपराध कोणता होता? आणि मोटारीत तो तरुण एकटा नव्हता. बरोबर सोबतीही होते, हेही विसरता येत नाही.

दुसरी घटना आमच्या राज्याच्या जिव्हारी लागलेली आहे. १९ मे २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव महागड्या मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दुचाकीवरील दोघे तरुण अभियंते ठार झाले. त्यांच्यापैकी एक तरुण व एक तरुणी. दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी तेथे गेलेले. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा असून त्याने त्याआधी मद्य घेतले होते, असे पोलिसांचे म्हणणे आहे. त्याचे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोपही पुढे झाला व त्यात वडीलधाऱ्यांना आणि डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपांचा निर्णय करणे हे न्यायालयाचे काम, आमचे नव्हे. परंतु एक गोष्ट साऱ्या देशाने वाचली. बाल न्याय मंडळाने प्रथम त्या मुलाला काही तासांतच जामीन दिला आणि इतर अटींबरोबर रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट घातली. लोकक्षोभ झाल्यावर त्याला निरीक्षणगृहात पाठविण्यात आले. पुढे २५ जून २०२४ रोजी उच्च न्यायालयाने त्याला तेथून सोडण्याचा आदेश दिला.

प्रस्तुत लेखही रस्ते अपघातांवरील एक निबंधच आहे, आणि तो तीनशे शब्दांहून बराच मोठा आहे. परंतु निबंधाची जागा अपघाताच्या आधी असते, नंतर नव्हे. जीव गेल्यावर लिहिलेल्या हजार पानांनीही ज्या घरचे मूल गेले त्या घरचे काही भरून येत नाही. गाडीला किल्ली लागण्यापूर्वी मनात उमटलेली एक ओळ मात्र एखादे घर वाचवू शकते.

म्हणूनच कायद्याने केवळ चालकावर नजर ठेवलेली नाही. १८८ व्या कलमाप्रमाणे नशेत वाहन चालविण्यास जो प्रोत्साहन देईल किंवा साहाय्य करील, तोही मूळ गुन्ह्याच्या शिक्षेस पात्र होतो. २०१९ साली घातलेल्या १९९-अ या कलमाने तर पालकांनाच जबाबदार धरले आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. गुन्हा आपल्या नकळत घडला, अथवा तो टळावा म्हणून आपण योग्य ती सर्व खबरदारी घेतली होती, हे त्याने सिद्ध केले नाही तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत परवाना मिळत नाही. महाविद्यालयाची सारी वर्षे आणि पहिल्या नोकरीचे दिवस परवान्यावाचून काढणे म्हणजे काय, याची कल्पना आमच्या वर्गमित्रांनी करून पाहावी. सरकारलाही न्यायालयाने मोकळे सोडले नाही. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्री नसावी असा निर्णय दिला. मागाहून लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले आणि शहरांच्या हद्दीत सवलत मिळाली. परंतु रस्त्याच्या कडेला मद्य ठेवणाराही अपघाताच्या साखळीतील एक दुवा आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने मान्य केले.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट ही की, निर्णय मद्य पोटात जाण्यापूर्वी व्हावा. वरातीला, सहलीला किंवा मेजवानीला निघतानाच गाडी परत कोण आणणार हे ठरवावे, आणि त्याने थेंबालाही स्पर्श करू नये. असा कोणी नसेल तर रिक्षा करावी, मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी घरी पोचण्यात कमीपणा नाही. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. पुष्कळदा प्यालेला मनुष्य आपल्याहून वयाने मोठा असतो. तो काका असतो, मामा असतो, क्वचित प्रत्यक्ष वडील असतात. वडीलधाऱ्यांपुढे उलट बोलू नये असे आपल्यावर संस्कार आहेत आणि ते योग्यच आहेत. परंतु ‘मामा, किल्ली आज माझ्याजवळ राहू द्या, आपण रिक्षाने जाऊ,’ असे नम्रपणे म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. त्यांनी रागे भरले तर ते ऐकून घ्यावे. पण त्यांच्या मागे बसू नये आणि धाकट्या भावंडांनाही बसू देऊ नये. घरातील दुसऱ्या मोठ्या माणसाला तत्काळ बोलावून आणावे. सकाळी राग ओसरतो. गेलेला जीव मात्र परत येत नाही.

तिसरी गोष्ट, अपघात दिसल्यास तेथून निघून जाऊ नये. ११२ वर पोलिसांना व १०८ वर रुग्णवाहिकेला कळवावे. मदत करणाऱ्याच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागेल ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीतील १३४-अ कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले असून त्याच्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

कायद्याचा धाक असावा, पोलिसांचा पहाराही असावा. परंतु दानियालाभोवती बादशहाचा धाक होता आणि खानखानाचा पहाराही होता; तरीही एका शुद्धीवरील माणसाच्या दुबळेपणाने ते सारे व्यर्थ केले. उलटपक्षी, एकाच शुद्धीवरील माणसाच्या निग्रहाने संकट टळूही शकते. तो माणूस येण्याची वाट आपण पाहू नये. पुढच्या लग्नसराईत आपल्यापैकी प्रत्येकाने तो माणूस व्हावे, आणि सकाळ होईपर्यंत ती लहानशी किल्ली आपल्या खिशात जपून ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.